राउटरवर क्यू लावून कॉलचा आवाज सांभाळायचा कसा: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी येणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इकडची छोटी ऑफिसं, जिथे दहा-पंधरा आयपी फोन आणि एकच ब्रॉडबँड लाइन असते, आणि घोडबंदर रोड किंवा खारघरच्या टॉवरमध्ये घरून काम करणारी मंडळी, दोघांकडून प्रश्न जवळजवळ तेच येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. क्यू म्हणजे राउटरमधली पॅकेटची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग. उदाहरणं जास्त करून मायक्रोटिक कंपनीच्या राउटरची आहेत कारण आपल्या इकडच्या छोट्या ऑफिसांत तेच खूप दिसतं, पण आतलं तत्त्व कुठल्याही राउटरला लागू आहे.

स्पीड टेस्टला १०० दाखवतंय, मग कॉलवर आवाज का तुटतो?

स्पीड टेस्ट सांगते की सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो, आणि आवाजाला त्याच्याशी फार देणंघेणं नसतं, आवाजाला वेळेवर पोचायचं असतं. जी.७११ कोडेकवर, म्हणजे आवाजाचा डेटा करायच्या पद्धतीवर, चालणारा फोन दर २० मिलिसेकंदाला एक छोटं पॅकेट सोडतो, म्हणजे सेकंदाला ५०, आणि ती साधारण सारख्या अंतराने पलीकडे पडली पाहिजेत. फाइल डाउनलोड करताना एखादं पॅकेट हरवलं तर परत मागवलं जातं, तुम्हाला कळतही नाही. बोलताना हरवलेलं पॅकेट परत मागवून काय करणार, तोपर्यंत माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

आणि तो १०० बहुतेक वेळा डाउनलोडचा आकडा असतो. अपलोडचा आकडा बघा, काही प्लानमध्ये तो खूपच कमी निघतो. आता समजा अपलोड ५ एमबीपीएस आहे आणि कोणीतरी टेंडरची मोठी फाइल क्लाउडवर टाकायला घेतली. लाइनवरच्या डब्यात २५६ केबीचा बफर असेल आणि तो पूर्ण भरला, तर शेवटी आलेल्या पॅकेटला बाहेर पडायलाच ४०० मिलिसेकंदांच्या वर लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज होतं, ४०० च्या वर गेला तर ते मान्य धरलेलंच नाही. म्हणजे एका फाइलने पूर्ण ऑफिसचे फोन बेकार केले, आणि फाइल गेली की सगळं परत छान! म्हणून तर माणूस तपासायला येतो तेव्हा काहीच सापडत नाही.

जिम गेटिस यांनी या प्रकाराला २०१० च्या सुमारास बफरब्लोट हे नाव दिलं. मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणांमधले बफर वाढत गेले, पॅकेट टाकून देण्यापेक्षा साठवून ठेवणं बरं असं बनवणाऱ्यांना वाटलं, आणि आवाजाचं नेमकं त्यातच नुकसान झालं.

मग मोठा प्लान घेतला तर प्रश्न सुटेल ना?

कधी सुटतो, बऱ्याचदा महिनाभर सुटल्यासारखा वाटतो. बॅकअप, कॅमेरे, मोबाइलचे फोटो सिंक, हे सगळं जेवढी लाइन मिळेल तेवढी भरायलाच बसलेलं असतं. लाइन मोठी असली तर ती कमी वेळ भरलेली राहते एवढाच फरक, आणि जेवढा वेळ भरलेली राहते तेवढा वेळ आवाज तुटतोच. आधी क्यू नीट लावा, आठवडाभर बघा, मग वाटलं तर प्लान वाढवा. पैसे खर्च करायच्या आधी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण राउटर बहुतेकांकडे आधीच असतो आणि अर्ध्या तासाचं काम असतं.

आवाज नक्की कुठे अडकतोय हे कसं ओळखायचं?

आधी विचारा की तुटका आवाज कोणाला येतोय. तुमचं बोलणं ग्राहकाला तुटक ऐकू येतंय पण त्याचं तुम्हाला व्यवस्थित येतंय, तर तुमचा अपलोड भरलाय. उलटं असेल तर डाउनलोड किंवा वाय-फायकडे बघा. एका बाजूचा आवाज अजिबातच येत नसेल, म्हणजे तुटक नाही, शून्य, तर तो क्यूचा विषयच नाही, ते नॅट (आतले आयपी बाहेरच्या एका आयपीमागे लपवणं) किंवा फायरवॉल आहे. तसंच कॉल लागतो, बोलणं होतं आणि बरोबर ३० ते ३२ सेकंदांनी कट होतो, हेही नॅटचंच लक्षण, सिपमध्ये, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या पद्धतीत, कॉल उचलल्याची पोच परत पोचली नाही की ३२ सेकंदांनी टायमर संपतो म्हणून कॉल पडतो. या दोन दुखण्यांवर क्यू लावत बसू नका, संध्याकाळ वाया जाईल.

क्यू म्हणजे राउटरच्या आत नेमकं काय होतं?

बाहेर जाणारं इंटरफेस एका वेळी एकच पॅकेट सोडू शकतं. बाकीची थांबतात. काही ठरवलं नसेल तर जो आधी आला तो आधी गेला, त्याला फिफो म्हणतात. आपण क्यू लावतो म्हणजे एका थांबण्याच्या जागेच्या तीन-चार जागा करतो आणि राउटरला सांगतो की आवाजाच्या जागेत काही असेल तर आधी ते सोड, मग बाकीचं. आवाजाची पॅकेट लहान असतात, २०० बाइटची, आणि कमी असतात, त्यामुळे त्यांना पुढे सोडल्याने बाकीच्यांचं काही बिघडत नाही, फाइलला ४० सेकंदांऐवजी ४२ सेकंद लागतील.

आधीच सुटलेलं मोठं पॅकेट मात्र मध्येच थांबवता येत नाही. १५०० बाइटचं पॅकेट १ एमबीपीएसवर बाहेर पडायला १२ मिलिसेकंद घेतं, २० एमबीपीएसवर ०.६. पूर्वी कमी स्पीडच्या लीज्ड लाइनवर यासाठी मोठी पॅकेट तोडायला लागायची, आताच्या फायबरवर हा मुद्दा सोडून दिला तरी चालतो.

प्रायोरिटी १ दिली, तरी काही फरक नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर नीट कळलं तर बाकीचं पान वाचलं नाही तरी चालेल.

प्रायोरिटी तेव्हाच काम करते जेव्हा रांग तुमच्या राउटरमध्ये लागते. तुमच्या राउटरचा पोर्ट गिगाबिटचा आहे, ओएनटीपर्यंतची (प्रोव्हायडरच्या फायबरच्या डब्यापर्यंतची) केबल गिगाबिटची आहे, आणि पुढे प्लान आहे २० एमबीपीएस अपलोडचा. राउटरच्या दृष्टीने कुठेही गर्दी नाही, तो आलेलं सगळं लगेच पुढे ढकलतो. गर्दी होते पुढे, ओएनटीमध्ये किंवा प्रोव्हायडरच्या उपकरणात, आणि तिथे तुमच्या प्रायोरिटीला कोणी विचारत नाही. घोडबंदर रोडवर जाम गायमुख घाटात असेल तर माजिवड्याला ॲम्ब्युलन्ससाठी वेगळी लेन करून काय उपयोग, ती लेन मोकळीच जाणार आणि पुढे घाटात सगळे एकत्रच उभे राहणार.

म्हणून काय करायचं, तर जाम मुद्दाम आपल्या राउटरमध्ये आणायचा. अपलोडचा खरा मिळणारा स्पीड मोजायचा आणि राउटरवर एकूण मर्यादा त्याच्या थोडी खाली, ८५ ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवायची. आता सगळ्यात अरुंद जागा तुमच्या हातात आली, पुढचा बफर भरतच नाही, आणि कोणाला आधी सोडायचं ते तुम्ही ठरवता. लोकांना हे पाच-दहा टक्के सोडणं जिवावर येतं, पैसे भरलेत तर पूर्ण वापरू दे म्हणतात. पण त्या पाच-दहा टक्क्यांच्या बदल्यात पूर्ण दिवस फोन स्वच्छ चालतात, आणि ग्राहकाशी बोलूनच ज्यांचा धंदा चालतो त्यांनी तरी यावर घासाघीस करू नये.

मायक्रोटिकवर हे अजून स्पष्ट दिसतं. तिथे एचटीबी नावाची पद्धत आहे, प्रायोरिटी १ ते ८, १ सगळ्यात वरची आणि काही दिलं नाही तर ८. पॅरेंट क्यूला, म्हणजे बाकीचे क्यू ज्याच्या पोटात असतात त्याला, मॅक्स-लिमिट (जास्तीत जास्त स्पीड) दिलं नसेल तर खालच्या क्यूंची प्रायोरिटी नुसती शोभेला राहते. आणि प्रायोरिटी फक्त सगळ्यात खालच्या, म्हणजे पोरं नसलेल्या क्यूवर लागते, पॅरेंटला १ दिलं म्हणून काही होत नाही.

एका कॉलला किती बँडविड्थ धरायची?

जी.७११ असेल तर कोडेक ६४ केबीपीएस, पण पॅकेटवर हेडर, म्हणजे पत्ता वगैरेची माहिती, चढते, आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट, १६० चे २०० बाइट होतात, म्हणजे ८० केबीपीएस. वर इथरनेट धरलं की ८७ आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडायची पद्धत) धरलं की ९० च्या आसपास. मी सरळ १०० धरतो, हिशोब सोपा होतो. हे एका दिशेचं, तेवढंच परत दुसऱ्या दिशेला.

जी.७२९ मध्ये कोडेक फक्त ८ केबीपीएस, पण हेडर तेवढेच असल्यामुळे इथरनेटसकट ३१ होतात. आता लाइन मोठ्या आहेत, तेवढ्यासाठी आवाजाचा दर्जा कमी करायची गरज नाही. मीटिंगची ॲप ओपस वापरतात, तो ६ पासून ५१० केबीपीएसपर्यंत हवं तसं कमीजास्त करतो.

राउटरला कसं कळणार की हे पॅकेट आवाजाचं आहे?

तीन रस्ते आहेत. पहिला डीएससीपीचा. आयपी हेडरमध्ये सहा बिटांची जागा असते, त्यात ० ते ६३ आकडा बसतो, आणि आवाजासाठी ४६ ठरलेला आहे, त्याला ईएफ म्हणतात. चांगले आयपी फोन आपणहून ४६ लावतात. काही फोनच्या सेटिंगमध्ये पूर्ण बाइटचा आकडा मागतात, तिथे १८४ भरायचा, दोन्ही एकच. कॉल जोडण्या-तोडण्याच्या सिग्नलिंगला बऱ्याच ठिकाणी २४ किंवा २६ असतो.

दुसरा रस्ता पोर्टचा. सिप ५०६० वर, एन्क्रिप्टेड असेल तर ५०६१ वर. आवाज मात्र तिथून जातच नाही, तो आरटीपीने वेगळ्या पोर्टवर जातो, ॲस्टेरिस्क या फोन-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण १०००० ते २०००० ठेवलेले असतात. फक्त ५०६० ला प्रायोरिटी देऊन थांबलेली खूप ऑफिसं बघितलीत, तिथे रिंग वेळेवर वाजते आणि आवाज तसाच तुटतो.

तिसरा रस्ता म्हणजे फोनना वेगळा व्हीलॅन (त्याच वायरवरचं वेगळं नेटवर्क) किंवा वेगळा आयपी पट्टा देणं, आणि त्या पट्ट्यातलं सगळं यूडीपी (हरवलेलं पॅकेट परत न मागवणारी पद्धत) ते व्हॉइस. छोट्या ऑफिसाला मी हाच सांगतो. फोनने मार्क लावलाय का, प्रोव्हायडरने पोर्ट बदलले का, हे बघत बसायला लागत नाही. यूडीपीची अट मात्र घाला, नाहीतर फोन रात्री फर्मवेअर खाली उतरवतील तेही व्हॉइसच्या जागेत घुसेल.

मायक्रोटिकवर नक्की काय भरायचं?

समजा महाप्यात एक ऑफिस आहे, १० आयपी फोन, पंचवीसेक कॉम्प्युटर, चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं. पीपीपीओई लाइन, अपलोड २० चा घेतलाय, दुपारच्या गर्दीत मोजला तर १९ येतो. फोन १९२.१६८.२०.० च्या पट्ट्यात.

आधी आयपी, फायरवॉल, मँगल, म्हणजे पॅकेटवर खूण (मार्क) लावायची जागा. फोनच्या पट्ट्यातून येणारं यूडीपी, त्याला कनेक्शन मार्क द्या, नाव काहीही, मी व्हॉइस-कॉन देतो, पासथ्रू (पुढचे नियमही बघू देणं) चालू ठेवा. मग दुसरा नियम, ज्याचा कनेक्शन मार्क व्हॉइस-कॉन आहे त्याला पॅकेट मार्क व्हॉइस, इथे पासथ्रू बंद. तसंच कॅमेऱ्याच्या एनव्हीआरचा (रेकॉर्डरचा) आयपी धरून कॅमेरा असा मार्क. मीटिंगच्या ॲपसाठी यूडीपी पोर्ट धरून तिसरा मार्क, ते पोर्ट खाली वेगळ्या प्रश्नात दिलेत.

मग क्यू ट्री. एक पॅरेंट, अपलोड नावाचा, पीपीपीओई इंटरफेसवर, मॅक्स-लिमिट १७ एम. त्याच्या पोटात चार क्यू. व्हॉइस, लिमिट-ॲट १५०० के, मॅक्स-लिमिट ३ एम, प्रायोरिटी १. मीटिंग, लिमिट-ॲट ४ एम, मॅक्स १७ एम, प्रायोरिटी ३. बाकी सगळं, लिमिट-ॲट ५ एम, मॅक्स १७ एम, प्रायोरिटी ६. कॅमेरे, लिमिट-ॲट २ एम, मॅक्स ८ एम, प्रायोरिटी ८.

लिमिट-ॲट म्हणजे काहीही झालं तरी मिळणारा वाटा, राउटर आधी सगळ्यांचे लिमिट-ॲट पुरे करतो आणि मग उरलेलं प्रायोरिटीप्रमाणे वाटतो. म्हणून सगळ्या लिमिट-ॲटची बेरीज पॅरेंटच्या मॅक्स-लिमिटच्या आत राहिली पाहिजे, वरच्या उदाहरणात साडेबारा होते, १७ च्या आत आहे. बेरीज बाहेर गेली तर कोणाचाच वाटा पक्का राहत नाही.

आता बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. "बाकी सगळं" या क्यूला पॅकेट मार्क म्हणून नो-मार्क निवडा. हे केलं नाही तर ज्या पॅकेटला मार्क नाही ती कुठल्याच क्यूमध्ये न जाता थेट बाहेर पडतात, १७ ची मर्यादा त्यांना लागतच नाही, आणि पुढचा बफर परत भरतो. क्यू ट्री सुंदर दिसतं, आकडे हलताना दिसतात, फोन मात्र तसेच.

क्यूचा प्रकार म्हणाल तर व्हॉइसला साधा छोटा फिफो पुरतो, बाकीच्याला एफक्यू-कोडेल, म्हणजे प्रत्येक कनेक्शनला वेगळं वागवून रांग छोटी ठेवणारा प्रकार, लावा, राउटरओएस ७ मध्ये तो मिळतो.

सगळं भरलं, तरी क्यूमधले आकडे शून्यच आहेत?

फास्टट्रॅक, म्हणजे पॅकेट भराभर पुढे ढकलायचा शॉर्टकट, बघा. फायरवॉल फिल्टरमध्ये मायक्रोटिकच्या तयार कॉन्फिगरेशनमध्येच हा नियम असतो. फास्टट्रॅकमध्ये गेलेली कनेक्शन मँगल, सिंपल क्यू आणि ग्लोबल पॅरेंटवरचं क्यू ट्री, सगळ्याला वळसा घालून जातात. नियम बंद करा आणि चालू असलेली कनेक्शन क्लिअर करा किंवा राउटर रिबूट करा. सीपीयूवर लोड वाढेल, अगदी छोटं मॉडेल आणि मोठी लाइन असेल तर एकदा सीपीयूचा आकडा नजरेखालून घाला.

डाउनलोडचं काय? तिकडची रांग तर आपल्या हातात नाही.

बरोबर, पॅकेट आपल्याकडे येऊन पोचलेलंच असतं. तरी उपाय आहे, डाउनलोडलाही मोजलेल्या स्पीडच्या खाली मर्यादा लावायची. राउटर काही पॅकेट थांबवतो किंवा टाकतो, टीसीपीच्या (हरवलेलं परत मागवणाऱ्या पद्धतीच्या) पलीकडच्या सर्व्हरला ते जाणवतं आणि तो हात आखडता घेतो, प्रोव्हायडरकडची रांग आटते. यूडीपीवर ओतणारा मात्र ऐकेलच असं नाही. त्यामुळे इकडे थोडी जास्त जागा सोडा, ८५ ते ९० टक्के. फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर डाउनलोडचं क्यू ट्री ग्लोबल पॅरेंटवर, म्हणजे एका इंटरफेसऐवजी पूर्ण राउटरवर, बांधा आणि पीपीपीओईमधून आत येणाऱ्या सगळ्याच पॅकेटना, म्हणजे साध्या ब्राउझिंगलासुद्धा, अपलोडपेक्षा वेगळे मार्क द्या. एकच मार्क दोन्हीकडे वापरला की आकड्यांचा गोंधळ होतो.

घरी साधा राउटर आहे, हे मँगल वगैरे जमणार नाही. सोपं काही?

आहे, आणि खरं सांगायचं तर घरासाठी तेच जास्त चांगलं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर असेल तर एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळायचं, पॅकेज टाका, वॅन (बाहेरच्या लाइनचं) इंटरफेस निवडा, डाउनलोड-अपलोड दोन्हीचे आकडे मोजलेल्याच्या ९० टक्के भरा, क्यूच्या जागी केक निवडा, झालं. केक २०१८ मध्ये लिनक्स कर्नल ४.१९ मध्ये आला. तो प्रत्येक कनेक्शनला वेगळं वागवतो, त्यामुळे एक जाडं अपलोड कॉलच्या अंगावर बसत नाही, आणि तुम्हाला एकही पोर्ट सांगावा लागत नाही. पीपीपीओई असेल तर ओव्हरहेडचा आकडा भरायला विसरू नका. डिफसर्व्ह ४ निवडलं तर आत चार कप्पे होतात आणि ४६ चा मार्क असलेलं थेट आवाजाच्या कप्प्यात जातं.

दुकानातल्या तयार राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारं) नावाचं बटण असतं. त्यात अपलोड-डाउनलोडचा आकडा मागत असेल तर वापरून बघा. आकडा न मागता नुसतं गेमिंग-व्हिडिओ असं निवडायला देत असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, कारण वर सांगितलं तसं मर्यादा ठरल्याशिवाय रांग आपल्याकडे लागत नाही.

केबलवाल्याच्या ओएनटीमध्येच वाय-फाय आहे, आपला राउटर त्याच्या मागे लावलाय. चालेल का?

क्यू चालेल, पण घरातलं किंवा ऑफिसातलं सगळं तुमच्या राउटरमधूनच गेलं पाहिजे. टीव्ही, कॅमेरा किंवा मुलांचे मोबाइल ओएनटीच्या वाय-फायवर राहिले तर ते तुमच्या मर्यादेच्या बाहेरून लाइन भरतात आणि तुमच्या क्यूला पत्ताही लागत नाही. ओएनटीचं वाय-फाय बंद करा, त्याच्या बाकीच्या पोर्टमधल्या वायरी काढून आपल्या राउटरला लावा. जमलं तर त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा आणि पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरवर घ्या, दुहेरी नॅटही जातं.

व्हॉट्सॲप कॉल, झूम, टीम्स, मीट यांना कसं पकडायचं?

टीम्स यूडीपी ३४७८ ते ३४८१ वापरतं. मीट ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९. झूम ८८०१ ते ८८१०. व्हॉट्सॲप कॉलमध्येही ३४७८ दिसतो, पण दोन फोन थेट जोडले गेले की पोर्ट कुठलाही असू शकतो. या पोर्टवर आवाजाबरोबर व्हिडिओही जातो, म्हणून हे व्हॉइसच्या क्यूमध्ये टाकू नका, वेगळा मीटिंगचा क्यू ठेवा. पाच जणांनी कॅमेरे चालू केले की डेस्कवरच्या फोनची जागा खाऊन टाकतील.

मोबाइलचं वाय-फाय कॉलिंग?

उंच टॉवरमध्ये आणि बेसमेंटमधल्या ऑफिसात रेंज नसते म्हणून आता बरेच जण यावरच आहेत. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये हे सुरू केलं. हा कॉल आयपीसेक या एन्क्रिप्टेड बोगद्यातून जातो, राउटरला फक्त यूडीपी ५०० आणि ४५०० दिसतो, आत आवाज आहे हे कळत नाही. म्हणून यूडीपी ४५०० ला व्हॉइसचा मार्क द्या. ऑफिसचा व्हीपीएनही ४५०० वर चालत असेल तर लॅपटॉपचा आयपी त्यातून वगळा, नाहीतर व्हीपीएनमधून जाणाऱ्या सगळ्या फाइली व्हीआयपी होतील.

क्यू लावला, वायरवरच्या फोनला मस्त चालतंय, लॅपटॉपवर वाय-फायने अजून तुटतंय.

मग अडचण हवेत आहे. क्यू वॅनवर लावलाय, वाय-फायची गर्दी त्याच्या आधीच होते. एका मजल्यावर सहा-आठ फ्लॅट, प्रत्येकाचा राउटर, वर-खालचे मजले वेगळे, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. कॉलचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या किंवा वायर टाका.

वाय-फायची स्वतःची प्रायोरिटी असते, डब्ल्यूएमएम, चार वर्ग: व्हॉइस, व्हिडिओ, साधं आणि बॅकग्राउंड. गंमत अशी की ४६ चा मार्क असलेलं पॅकेट पुष्कळ ॲक्सेस पॉइंट व्हॉइसऐवजी व्हिडिओच्या वर्गात टाकतात, कारण ते सहापैकी वरचे तीनच बिट बघतात आणि ते ५ येतात. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकाच्या कागदात हे व्हॉइसमध्येच गेलं पाहिजे असं सांगितलंय. ॲक्सेस पॉइंटमध्ये तसं सेटिंग असेल तर बदला. डब्ल्यूएमएम मात्र कधी बंद करू नका.

प्रोव्हायडरला सांगून त्यांच्याकडेच प्रायोरिटी लावून घेता येत नाही का?

साध्या ब्रॉडबँडवर नाही. उघड्या इंटरनेटवर तुमचा ४६ चा मार्क बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित होतो किंवा पुसला जातो. शिवाय भारतात जुलै २०१८ पासून नेट न्यूट्रॅलिटीचं धोरण मान्य झालेलं आहे, कंपनीने वाटेल त्या ट्रॅफिकला पुढे-मागे करायचं नाही. तुमच्या स्वतःच्या राउटरवर तुम्ही काय आधी सोडता हा पूर्णपणे तुमचा प्रश्न आहे. दोन शाखांमध्ये, म्हणजे वाशीचं ऑफिस आणि भिवंडीचं गोदाम, अशी एमपीएलएस, म्हणजे प्रोव्हायडरची खासगी जोडणीची, लाइन घेतली तर करारात व्हॉइसचा वर्ग मागता येतो, तिथे मार्क पाळले जातात, पैसेही तसे पडतात.

सिप एएलजी चालू ठेवायचं की बंद?

बंद. एएलजी म्हणजे नॅटसाठी सिपच्या मजकुरात बदल करणारी राउटरमधली सोय, मायक्रोटिकवर आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्समध्ये आहे. प्रोव्हायडरच्या सर्व्हरला नॅट सांभाळता येत असेल, आणि आता बहुतेकांना येतं, तर मधल्या राउटरने सिपच्या मजकुरात हात घातला की बिघडतंच जास्त. ज्या जुन्या सेटअपमध्ये बंद केल्यावर कॉल लागणंच थांबलं तिथे परत चालू करा.

व्हॉइसला प्रायोरिटी १ देतोच आहोत, तर मग मर्यादा कशाला? पूर्ण मोकळं सोडू की.

नको. व्हॉइसच्या क्यूमध्ये चुकून दुसरं काही शिरलं, एखाद्या फोनमध्ये बिघाड झाला किंवा कोणी त्या पट्ट्यातला आयपी लॅपटॉपला दिला, तर तो सगळ्यांच्या आधी पूर्ण लाइन घेऊन बसेल. सिस्को राउटरच्या जगात एलएलक्यूमधला (आवाजाला आधी सोडायच्या त्यांच्या पद्धतीतला) प्रायोरिटी क्यू एकूण लाइनच्या ३३ टक्क्यांच्या आत ठेवायचा असा जुना सल्ला आहे, तो छोट्या ऑफिसालाही छान लागू पडतो. आणि दुसऱ्या बाजूने, दहा कॉलची जागा ठेवली आणि अकरावा कॉल आला, तर फक्त अकरावा नाही, अकराच्या अकरा कॉल खराब होतात, कारण क्यूला कुठलं पॅकेट कोणाच्या कॉलचं हे माहीत नाही. म्हणून जागा फोनच्या संख्येपेक्षा थोडी जास्तच ठेवा आणि एकाच वेळच्या कॉलची मर्यादा पीबीएक्सवर, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्स्चेंजवर, घाला.

नीट बसलंय की नाही हे तपासायचं कसं?

रिकाम्या लाइनवर आधी पिंग बघा, ठाण्यातून मुंबईतल्याच सर्व्हरला काही मिलिसेकंद येईल. मग एक मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंग चालू ठेवा. क्यू नसताना ४ चे ३०० होतील, क्यू बरोबर असेल तर पाच-पंधराने वाढेल, जास्त नाही. त्याच वेळी एक कॉल करा, फ्रीपीबीएक्स (ॲस्टेरिस्कवर चालणारं एक्स्चेंज) असेल तर स्टार ४३ डायल करा, तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतो, १ ते २० आकडे म्हणा आणि कुठला गळतोय का ऐका. फोनच्या वेब पानावर जिटर (पॅकेटमधल्या अंतराची कमीजास्ती) आणि लॉस (हरवलेली पॅकेट) दिसतो, जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि लॉस १ टक्क्याच्या आत पाहिजे.

फाइल लावल्यावर पिंग अजून उडतंच असेल तर मॅक्स-लिमिट एकेक एम खाली आणा आणि परत बघा. एका आकड्यावर पिंग एकदम शांत होतो. तोच तुमचा खरा आकडा, प्लानच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो. ही तपासणी सकाळी नाही, रात्री नऊ-दहाला करा, घरची लाइन असेल तर नक्कीच, कारण बिल्डिंगमधले सगळे तेव्हाच ऑनलाइन असतात आणि मिळणारा स्पीड तेव्हा वेगळा असतो.

प्लान बदलला किंवा बॅकअप लाइनवर गेलो तर?

प्लान वाढवला आणि राउटरवर १७ एमच राहिलं तर नवीन स्पीड मिळणारच नाही, आणि शिव्या केबलवाल्याला पडतात. प्लान कमी झाला किंवा तांत्रिक कारणाने स्पीड पडला तर उलटं, मर्यादा लाइनच्या वर जाते आणि क्यू असून नसल्यासारखा. दोन्ही वेळा फक्त पॅरेंटचं मॅक्स-लिमिट बदलायचं आणि लिमिट-ॲटची बेरीज परत बघायची, मँगलला हात लावायची गरज नाही.

बॅकअपला सिमवाली लाइन असेल तर तिला वेगळा पॅरेंट द्या, तिच्या इंटरफेसवर. पावसाळ्यात वीज चमकली की गच्चीवरचा स्विच जातो आणि अर्धा दिवस ऑफिस त्या सिमवरच असतं, आणि सिमचा स्पीड तासातासाला बदलतो. तिथे सरासरी धरू नका, गर्दीच्या वेळी जो सगळ्यात कमी मिळतो तो धरा, कॅमेऱ्यांचं अपलोड त्या पॅरेंटमध्ये अगदी अर्ध्या एमवर आणा, आणि फोन चालू राहू द्या.